हळकुंडाचा दोरा

“मंगळसूत्र काढा,” मी म्हटलं, तर ती पोरगी माझ्या तोंडाकडं बघायचं सोडून माझ्या गळ्याकडं बघायला लागली.

पोरगी म्हणजे कुणाची तरी नवी सून. अंगानं काडी झालेली, खोकला आला की पदराचा बोळा तोंडात कोंबायची. शेजारी सासू, नऊवारी नेसलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या छातीचा फोटो सांगितला होता. एक्स-रेला आमच्या भागात तेव्हा फोटोच म्हणायचे. काही बाया तर पावडर लावून, वेणी घालून यायच्या. एरवी मला हसू यायचं, पण त्या सासूच्या तोंडाकडं बघून हसायची टाप नव्हती.

“काढायलाच लागतंय व्हय?” सासूनं विचारलं.

“लागतं. सोनं आणि मणी फोटोत पांढरे उमटतात. त्यांच्यामागं छातीत काय आहे ते झाकलं जातं.” मी ड्रॉवरमधून हळकुंडाचा पिवळा दोरा काढला. “तोवर हे बांधते. गळा मोकळा राहायचा नाही.”

ही आमच्या खात्याची रीत होती. मंगळसूत्र सोनाराकडं गाठवायला दिलं की बाया गळ्यात हळकुंड बांधून ठेवतात, तसंच. दोरा आखूड ठेवायचा, हळकुंड मानेमागं अंबाड्यात खोचायचं, म्हणजे फोटोत लुडबुड करत नाही. खातं सांभाळणाऱ्या आढावमामांनी ही युक्ती काढली होती. मामा ख्रिस्ती माणूस, त्यांच्या घरात हळकुंड लागायचं ते फक्त भाजीला. पण बाया मंगळसूत्र का काढत नाहीत हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

सासूनं दोरा बघितला. मग माझा गळा, मग माझं कपाळ.

“तू बांधणार?”

“हो.”

“तुझा मालक कुठं असतो?”

आता खोटं बोलायचं सुचायला हवं होतं, पण आमच्या घराण्यात ती कला कुणाला आली नाही. “वारले ते,” मी म्हटलं.

“मग ती शेवंता आया कुठाय? तिला बोलीव.”

“ती रजेवर आहे. लेकीचं बाळंतपण आहे तिच्या.”

“मग ती आल्यावर येऊ आमी. ऊठ गं.” आणि पोरीला दंडाला धरून तिनं बाहेर काढली. पोरगी जाताना मागं वळून बघत होती. व्हरांड्याच्या टोकापर्यंत तिचा खोकला ऐकू येत होता.

माझ्या हातात तो दोरा तसाच राहिला.

आढावमामा डार्करूमच्या दारात उभे होते. सगळं ऐकलं असणार. चष्मा पुसत म्हणाले, “ही या आठवड्यातली कितवी गं?”

“मोजायचं सोडलंय मी.”

“कौसल्या, डॉक्टरीणबाई काल मला विचारत होत्या. बाप्यापुढं छाती उघडी करायला बाया तयार होत नाहीत, म्हणून आपण बाईमाणूस घेतलं. आता बाईपुढंही बाया माघारी जायला लागल्या, तर तुला इथं ठेवायचं कशाला, असं त्या म्हणाल्या. त्यांचंही चूक नाही. ही पोरगी फोटोशिवाय गेली. हिच्या छातीत काही असलं तर?”

मी दोरा गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. महिनाअखेरीला मला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार होतं. नारळ दिला तर भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली. तिथं भाकरी मिळायची, पण ताटात पडायच्या आधी तिचा आवाज ऐकू यायचा.

या कामात मी शिरले कशी, ते सांगते. माझा नवरा दिनकर उसाच्या ट्रेलरवरून पडला तेव्हा त्याला याच मिशनच्या दवाखान्यात आणलं होतं. पाठीचा फोटो काढायचा होता आणि तो वेदनेनं तडफडत होता. बाप्ये सगळे बाहेर पळाले. आढावमामांनी शिशाचा जड एप्रन माझ्या अंगावर चढवला आणि म्हणाले, “पोरी, याचे खांदे धर. हलू देऊ नको.” मी धरले. दिनकर गेला चौथ्या दिवशी. पण मामांच्या लक्षात राहिलं, की त्या बाईचा हात हलला नाही. वर्षानं भावाच्या घरी त्यांचा निरोप आला: शिकायची तयारी असेल तर ये. मी दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसले. शिकले, शहरात जाऊन परीक्षा दिली, पास झाले. हाडं सगळी पाठ केली, यंत्र कळलं, अंधारात फिल्म चाचपून कोणती बाजू वर ते कळायला लागलं. गळ्याचं काय करायचं ते मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं.

शेवंता होती तोवर निभलं. ती हसतमुख, सवाष्ण, पाच लेकरांची आई. ती बायांची मंगळसूत्रं काढून घ्यायची, हळकुंड बांधायची, मग मी पुढं व्हायचे. रजेवर जाताना तिनं माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली होती. आत काळ्या मण्यांची पोत, जत्रेतली, दोन पितळी वाट्या असलेली.

“घाल गळ्यात,” ती म्हणाली होती. “कोन इचारतंय? टिकलीबी लाव. बायांचं काम हुईल, तुजंबी हुईल.”

“असलं नको गं मला.”

“नको तर नको. ऱ्हाऊ दे खिशात. पोटापुढं मान वाकवाय लागती, कौसा.”

ती पुडी माझ्या एप्रनच्या खिशात पडून होती. पोरगी माघारी गेली त्यानंतरच्या सोमवारी मी ती उघडली. डार्करूमच्या लाल दिव्याखाली पोत गळ्यात घातली आणि टिकली लावली. आरसा नव्हता, बरंच झालं. मामांनी मला बघितलं आणि फिल्म भरायला पाठ वळवली.

आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्या बाईनं एक अक्षर न बोलता मान पुढं केली! “बांध बाई लवकर, घरी म्हस पिळायची हाय,” म्हणाली. फोटो झाला, ती गेली. मला वाटलं, एवढंच होतं तर! एवढ्या चार मण्यांसाठी मी जिवाला घोर लावून घेतला होता.

दुसरा नंबर पुकारला, तर बाकावरून तीच सासू उठली. मागं तीच सून. पोरीचे डोळे आणखी खोल गेले होते. शेवंता आली असेल या आशेनं दोघी परत आल्या होत्या. सासू दोन पावलं आत आली आणि थबकली.

“अगं बया! परवा तर म्हनत हुतीस, मालक वारला. आन् आज ह्ये कुठनं आलं?”

बाकावरच्या सगळ्या माना वळल्या.

मी काहीतरी बोलणार होते. काय ते आता आठवत नाही. कारण तेवढ्यात माझी नजर दाराकडं गेली. दारात माझी सासू उभी होती. हातात डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, पदर तोंडाला लावलेला. आम्ही सासूला आत्या म्हणतो. दिनकर गेल्यावर मी माहेरी आले, त्यानंतर आत्याचं तोंड पहिल्यांदा बघत होते. वाळून अर्धी झाली होती. आणि ती बघत होती माझ्या गळ्याकडं.

तिच्या लेकाची बायको मी. माझ्या गळ्यात जत्रेतली पोत.

“लगीन केलंस?” आत्यानं हळूच विचारलं. आवाजात राग नव्हता, ते जास्त लागलं.

“नाही आत्या.”

“मग?”

“खोटं आहे.” मी पोत डोक्यावरून काढली आणि खिशात टाकली. टिकलीही काढली. “माझ्या हातून बाया मंगळसूत्र काढून घेत नाहीत. नोकरी जायची वेळ आली. म्हणून घातलं.”

“बघा! बघा हिला!” ती दुसरी सासू बाकाकडं वळून म्हणाली. “खोटं डोरलं घालून सवाष्णींच्या गळ्याला हात लावतीया! उद्या कुनाच्या मालकाला काय झालं तर? चल गं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरीनबाईंना सांगू.”

बाकावरच्या आणखी दोघी उठल्या. मामा डार्करूममधून बाहेर आले, पण बायांचं भांडण बघून दारातच थांबले. मला कळून चुकलं, संपलं. आता महिनाअखेरीचीसुद्धा वाट बघायला नको. ट्रंक भरायची आणि एस.टी. धरायची.

तेवढ्यात आत्या सगळ्यांना बाजूला सारत पुढं आली आणि यंत्रापुढच्या स्टुलावर माझ्याकडं पाठ करून बसली.

“माझा फोटू काढ आदी,” ती म्हणाली. “रगत पडतंया माझ्या खोकल्यातनं. मला थांबाय सवड न्हाई.”

“आत्या, तुमचं मंगळसूत्र...”

“व्हय की. काढ.”

“तुम्हीच काढा. दोरा तुमच्या हातात देते, तुम्हीच बांधा.”

“न्हाई.” तिनं अंबाडा वर उचलून धरला. मान उघडी झाली, मागचा आकडा दिसायला लागला. “तुजं म्या काढलं हुतं. माजं तू काढ.”

उठलेल्या दोघी जागीच थांबल्या.

दिनकरच्या दहाव्याच्या दिवशी नदीवर मी डोळे गच्च मिटून बसले होते. भोवती गावातल्या विधवा बाया. कुणी बांगड्या फोडत होतं, कुणी कुंकू पुसत होतं. मग गळ्याला हात लागले आणि ते हात मी ओळखले. रानातल्या हळदीनं कायमचे पिवळे पडलेले, भेगाळलेले हात, आत्याचे. खरं तर हे काम विधवांचं. सवाष्णीनं त्याला शिवायचं नसतं. मग आत्यानं का शिवावं? एवढी घाई? माझ्या मनानं तेव्हाच ठरवून टाकलं, की लेक गेल्याचा राग हिनं माझ्या गळ्यावर काढला. भावजयीनं त्यात तेल ओतलं: तुला पांढऱ्या पायाची म्हणत असेल, बघ. त्या एका गोष्टीपायी मी त्या घराचं नाव टाकलं होतं. निरोप आले, मी गेले नाही.

“का काढलंत तुम्ही?” माझ्या तोंडून निघून गेलं. एवढ्या बाया ऐकताहेत, मामा उभे आहेत, काही भान राहिलं नाही. “दुसऱ्या बाया होत्या ना तिथं. तुम्हीच का?”

आत्या वळली नाही. अंबाडा हातात धरून भिंतीकडं बघतच बोलली.

“त्या वढत हुत्या गं. आकडा निघंना, तर वढत हुत्या. तुज्या मानंवर वळ उठला. तू आवाजसुदिक करीत नव्हतीस. मला बघवंना. म्या म्हनलं, सरा बाजूला. माज्या लेकाची बायकू हाय, म्या काढते, हलक्या हातानं काढते. वरडाय लागल्या माज्यावर, सवाष्ण हाईस, हात लावू नगंस, तुज्या मालकावर येईल. म्हनलं, लेक गेला, आता आनि काय यायचं ऱ्हायलंय?”

खोकल्याची उबळ आली. तिनं पदर तोंडाशी धरला. उबळ बसल्यावर तिनं मान थोडी वळवली आणि त्या दुसऱ्या सासूला म्हणाली, “आन् काय झालं गं बाई माज्या मालकाला? बघ की बाहीर. लिंबाखाली बिड्या वढत बसलाय. सांगून सांगून जीब झिजली, सोडत न्हाई मेला.”

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. त्या सासूनं खरंच दारातून बाहेर डोकावून बघितलं. मामंजी लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले होते, धूर सोडत.

मी पुढं झाले. आकडा जुना होता, दोन्ही हातांनी हळूच फिरवायला लागला. माझ्या डोळ्यांतलं पाणी आत्याच्या मानेवर पडलं, पण हात हलला नाही. मंगळसूत्र निघालं. ते मी आधी माझ्या ओंजळीत धरलं, मग तिच्या मुठीत ठेवलं आणि हळकुंडाचा दोरा बांधून गाठ अंबाड्याखाली सारली.

“कुठली हळकुंडं ही?” दोरा चाचपत आत्या म्हणाली. “किडकी हायती. आपल्या रानातली पाठवून दीन.”

तिला फळीपुढं उभं केलं. हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं. तिच्या खांद्याची हाडं माझ्या तळहातांना टोचली. शिशाच्या पडद्याआड गेले आणि रोजच्या आवाजात म्हटलं, “श्वास घ्या. मोठा. धरून ठेवा.”

बटण दाबलं. यंत्र घुमलं आणि थांबलं.

मी तशीच उभी. त्या भेगाळलेल्या हातांचा विचार करत. इतकी वर्षं मी त्या हातांना काय काय बोलले होते मनातल्या मनात. ऐकणारीनं कानावर हात ठेवले असते एवढ्या शिव्या.

“आगं पोरी,” फळीकडून गुदमरलेला आवाज आला, “सोडू का आता?”

“सोडा!” मी ओरडले. “सोडा, आत्या, सोडा.”

तिनं मोठा श्वास सोडला. तिला मंगळसूत्र परत बांधलं, बाकावर बसवलं आणि मी फिल्मची कॅसेट घेऊन डार्करूममध्ये शिरले. फिल्म डेव्हलपरमध्ये सोडली. लाल उजेडात हळूहळू फासळ्या वर आल्या, मग काळीज, मग दोन्ही बाजूंची फुफ्फुसं. उजवीकडं वरच्या टोकाला ढगासारखा पांढरा पुंजका. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते.

“क्षय,” मी म्हटलं.

“हं. पण खालचा भाग स्वच्छ आहे. वेळेत आली.” फिल्मवर वाकून म्हणाले, “फोटो साफ आलाय. जराही हललेला नाही.”

मग मी रडले. मामा फिल्म धुवायच्या निमित्तानं पाठ करून उभे राहिले, पाणी नको इतका वेळ सोडून ठेवलं.

बाहेर आले तशी आत्यानं विचारलं, “काय निघालं?”

टेक्निशियननं रोग सांगायचा नसतो, हा पहिल्या दिवशीचा नियम. “डॉक्टरीणबाई सांगतील,” मी म्हटलं.

“त्या सांगतीलच. तू बघितलंस न्हवं?”

मी मामांकडं बघितलं. मामांना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी फार बघण्यासारखं दिसलं.

“बऱ्या व्हाल,” मी म्हटलं. “औषध मात्र खाडा न करता घ्यायचं.”

झालीही बरी. सुया टोचून टोचून चाळण झाली तिची, पण झाली. रजेच्या दिवशी मी तिच्याकडं जायला लागले. दर साली हळद शिजवून वाळली, की आमच्या खात्यात तिच्या रानातल्या हळकुंडांची पिशवी यायची. मी निवृत्त झाले तोवर त्या जिल्ह्यातल्या किती बायांच्या गळ्यात ती हळकुंडं बांधली, देवालाच ठाऊक. आत्या गेली तेव्हा मामंजी आधीच गेलेले होते, त्यामुळं तिचंही मंगळसूत्र उतरलेलं होतं. ते उतरवायला तिनं मला बोलावून घेतलं होतं.

पण ते फार पुढचं. त्या सोमवारी मी डोळे पुसून पुढचा नंबर घ्यायला वळले, तर स्टुलावर कुणीतरी आधीच बसलं होतं. ती पोरगी. माझ्याकडं पाठ करून, वेणी पुढं घेऊन, मान खाली घालून. तिची सासू भिंतीला टेकून उभी होती. उठलेल्या बायाही बाकावर परत बसल्या होत्या.

मी सासूकडं बघितलं. तिनं नजर दुसरीकडं वळवली.

“काढ,” शेवटी म्हणाली. “पर हलक्या हातानं काढ गं. पोरगी आजारी हाय.”

“हो,” मी म्हटलं, आणि हात धुऊन हळकुंडाचा दोरा घेतला.